उजाड भूमी आणि एकटं जनावर: असं चित्र वाचायचं कसं

बर्फात रुतलेलं खोकड. मेलेल्या कोकराजवळ उभी मेंढी. मिठाने माखलेल्या किनाऱ्यावर मरायला सोडलेला बोकड. अशा चित्रासमोर बहुतेकांच्या तोंडून 'उदास' एवढा एकच शब्द निघतो आणि पाय पुढच्या चित्राकडे वळतात. शब्द चुकीचा नाही, पण तो फार लवकर येतो आणि एकदा आला की बघणं थांबतं. ती उदासी उभी करण्यासाठी चित्रकाराने कितीतरी निर्णय घेतलेले असतात: क्षितिज कुठे ठेवायचं, जनावराचं तोंड कुणीकडे वळवायचं, बर्फात कोणता रंग मिसळायचा, घटनेतला कोणता क्षण पकडायचा. हे निर्णय एकेक करून ओळखायचे आणि ते सगळे मिळून काय सांगतात ते मांडायचं, याला मी चित्राचा अर्थ लावणं म्हणतो. त्यासाठी कलेचं शिक्षण लागत नाही. वेळ मात्र द्यावा लागतो.

पुढच्या पायऱ्यांचा क्रम पाळा. पहिल्या काही पायऱ्या निव्वळ डोळ्यांच्या आहेत; शीर्षक, साल, इतिहास हे सगळं नंतर. मुख्य उदाहरण म्हणून विन्स्लो होमर या अमेरिकी चित्रकाराचं १८९३ सालचं 'फॉक्स हंट' घेतलं आहे. ते फिलाडेल्फियातल्या पेनसिल्व्हेनिया अकॅडमी ऑफ द फाइन आर्ट्स या संस्थेच्या संग्रहात आहे. त्याचा मोठा फोटो इंटरनेटवर सहज सापडतो. तो शेजारी उघडा ठेवून वाचलंत तर बरं.

पहिली पायरी: विशेषणांशिवाय यादी

कागद घ्या आणि चित्रात जे दिसतं ते लिहा. फक्त वस्तू, प्राणी, जागा. 'बिचारं', 'क्रूर', 'भयाण' असले शब्द या यादीत येऊ देऊ नका, कारण ते तुमचं मत आहे आणि मताची वेळ अजून आलेली नाही. चित्राचे मनातल्या मनात नऊ चौकोन पाडा आणि प्रत्येक चौकोनाकडे निदान अर्धा मिनिट बघा. मोबाइलवर बघत असाल तर प्रत्येक भाग मोठा करून बघा.

'फॉक्स हंट'ची यादी साधारण अशी होते: बर्फाचा उतार. त्यात पाय रुतलेलं लाल खोकड. त्याच्यावर झेपावणारे दोन मोठे काळे पक्षी. मागून येणारे आणखी पक्षी. वरच्या बाजूला समुद्राची पट्टी आणि फुटणारी लाट. बर्फातून डोकावणाऱ्या काटक्या, त्यांना लाल फळं. खालच्या कोपऱ्यात चित्रकाराची सही.

लाल फळं बहुतेकांच्या नजरेतून सुटतात. खोकड आणि कावळे एवढंच मनात बसतं. पण खोकडाचं तांबूस अंग सोडलं तर सबंध पांढऱ्या-करड्या चित्रात तेवढाच तो लाल ठिपका आहे. जिथे अजून रक्त सांडलेलं नाही तिथे चित्रकाराने रक्ताचा रंग आधीच ठेवून दिला आहे. आणि सही? ती अशी रंगवली आहे की अक्षरंही बर्फात रुतत चालल्यासारखी दिसतात. होमर स्वतःला खोकडाच्या शेजारी, त्याच बर्फात ठेवतो, असं मला वाटतं. हे मत मी नंतर बनवलं. यादीत फक्त 'सही' एवढंच होतं. पण यादी केली नसती तर सहीकडे लक्षच गेलं नसतं.

दुसरी पायरी: जनावर नीट ओळखा

'कोल्हा' म्हणून पुढे जाऊ नका. होमरने रंगवलेलं जनावर लाल खोकड आहे: वजनाला हलकं, पायांनी बारीक, झुपकेदार शेपटीचं. घट्ट बर्फावर ते सहज पळतं. भुसभुशीत, खोल बर्फात त्याचे पाय आत जातात आणि प्रत्येक पावलाला ताकद खर्च होते. हे माहीत झालं की चित्रातल्या बर्फाकडे बघण्याची दृष्टीच बदलते. बर्फ ही मागची सजावट राहत नाही, तो या शिकारीत सामील होतो.

मग शरीर वाचा. कान कुणीकडे आहेत? शेपटी? वजन कोणत्या पायावर आहे? बरगड्या दिसतात का? तोंड उघडं आहे का? खोकडाचा चेहरा होमरने आपल्याकडे वळवलेला नाही. डोळे नीट दिसत नाहीत, त्यामुळे 'त्याच्या डोळ्यांतली भीती' वगैरे वाक्य लिहायची सोयच उरत नाही. जे कळतं ते पाठीच्या ताणलेल्या रेषेतून आणि अडकलेल्या पायांतून कळतं. दया मागणारा चेहरा रंगवणं किती सोपं होतं! होमरने ते टाळलं. चित्रातल्या ज्या निर्णयाबद्दल मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो हाच.

चित्रकार स्वतः या बाबतीत किती काटेकोर असू शकतो त्याचा एक किस्सा याच चित्राबद्दल सांगितला जातो. रंगवलेले कावळे होमरने गावातल्या रेल्वे स्टेशनवरच्या ओळखीच्या माणसाला दाखवले. तो म्हणाला, हे कावळे नव्हेत. होमरने मग खऱ्या कावळ्यांचं निरीक्षण केलं आणि ते पक्षी पुन्हा रंगवले. तुम्हीही हेच करा. मेंढपाळ, पशुवैद्य, पक्षिनिरीक्षक यांपैकी कुणी ओळखीचं असेल तर त्यांना चित्र दाखवा आणि 'हे जनावर काय करतंय?' एवढंच विचारा. कलासमीक्षकाला न दिसलेली गोष्ट त्यांना पहिल्या नजरेत दिसते.

आउगुस्ट फ्रीडरिश शेंक या चित्रकाराचं मेंढीचं चित्र मेलबर्नच्या नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरियात आहे. सुमारे १८७८ मधलं, अडीच मीटर रुंद. बर्फात मेलेलं कोकरू, त्याच्याजवळ उभी मेंढी आणि भोवती कावळ्यांचा घेर. त्यात मेंढीच्या तोंडाजवळ बघा. श्वासाची वाफ रंगवली आहे. चित्राला आवाज नसतो, पण वाफ दाखवता येते. आणि उघड्या तोंडातून निघालेली वाफ म्हणजे हंबरडा आणि थंडी दोन्ही एकाच फटक्यात. शरीर वाचायचं म्हणजे असे बोटभर भाग शोधायचे.

तिसरी पायरी: जमीन कोणासाठी कठोर आहे?

निसर्ग 'कठोर' आहे असं आपण पटकन लिहून टाकतो. त्याऐवजी चार प्रश्न विचारा. या जागेत खायला काय आहे? आडोसा कुठे आहे? बाहेर पडायची वाट आहे का? माणसाची काही खूण आहे का?

'फॉक्स हंट'मध्ये झाड नाही, बीळ नाही, झुडूपही नावाला. वर समुद्र आहे, म्हणजे त्या बाजूची वाट बंद. माणसाची खूण म्हणावी तर फक्त ती सही.

आता एडविन लँडसीअरचं १८६४ चं चित्र बघा. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे कॉलेजात ते आहे. बर्फाचे कडे आणि दोन ध्रुवीय अस्वलं. एक अस्वल तांबडं कापड फाडतंय, दुसरं हाड चघळतंय. आसपास मोडकी डोलकाठी, दुर्बीण, मानवी बरगड्या. इथे वरचे चार प्रश्न विचारले की उत्तरं उलटी येतात. अस्वलांना या जागेचा काहीच त्रास नाही. त्यांच्या अंगावर चरबी आहे, जाड केस आहेत, समोर खाणं आहे. ती घरी आहेत. परकी आहे ती दुर्बीण. म्हणजे जमिनीचा कठोरपणा जनावरांच्या वाट्याला आलेलाच नाही. तो चित्रात कुठेही न दिसणाऱ्या माणसांच्या वाट्याला आला. दोन्ही चित्रांत बर्फ आणि जनावरं, दोन्ही अंगावर काटा आणणारी, पण खोकडाच्या चित्रात जमीन जनावराच्या विरुद्ध आहे आणि अस्वलांच्या चित्रात ती जनावराच्या बाजूने आहे. हा फरक न बघता दोन्हींना 'निसर्गाचं रौद्र रूप' म्हटलं तर काहीच सांगितलं नाही असं होतं.

चौथी पायरी: तुम्ही कुठे उभे आहात?

नवख्यांना ही पायरी सुचतच नाही, आणि मला विचाराल तर अर्थाची किल्ली बहुतेक वेळा इथेच सापडते. चित्रकार फक्त देखावा मांडत नाही, बघणाऱ्यालाही एका ठरावीक जागी उभं करतो. ती जागा शोधा. क्षितिजाची रेषा वर आहे की खाली? जनावर तुमच्या डोळ्यांच्या पातळीला आहे, वर आहे, की तुम्ही उंचावरून बघताय? किती लांब? मध्ये काही अडथळा आहे का?

होमरच्या चित्रात आपण उंचावर नाही. आपण खोकडाच्या जवळ, बर्फाच्या पातळीला आहोत. कावळे मोठे आणि वरून येणारे दिसतात ते त्यामुळेच. चित्र जवळजवळ पावणेदोन मीटर रुंद आहे. समोर उभं राहिलं की पंख डोक्यावर आल्यासारखे वाटतात. शिकारीच्या नेहमीच्या चित्रांत बघणारा घोड्यावर बसलेल्यांच्या बाजूला असतो. इथे आपल्याला शिकार होणाऱ्याच्या बाजूला बसवलं आहे, आणि तरी काही करता येत नाही.

शेंकच्या मेंढीसमोर आपली जागा जास्त अवघड आहे. कावळ्यांसारखेच आपणही तिच्या भोवतीच्या बर्फात उभे राहून तिच्याकडे बघत असतो. ते वाट बघतायत आणि आपण चित्र बघतोय. या चित्रासमोर जी अस्वस्थता येते तिचा बराच भाग इथून येतो, असं माझं मत आहे. तुम्हाला पटलं नाही तरी चालेल, पण 'मी कुठे उभा आहे' या प्रश्नाचं तुमचं उत्तर लिहून ठेवा.

पाचवी पायरी: रंग, आणि चित्राची प्रकृती

बर्फ पांढरा नसतो. चित्रातल्या बर्फाच्या एखाद्या भागावर कोऱ्या कागदाचा कोपरा धरून बघा. निळसर, जांभळट, पिवळट, राखाडी छटा लगेच कळतात. या छटांवरून वेळ आणि हवामान सांगता येतं. निळसर सावली आणि उबदार उजेड असेल तर आकाश मोकळं आहे. सगळीकडे सारखाच राखाडी असेल तर ढगाळ, सावलीच नसलेला दिवस. सावली नसलेल्या चित्रात वेळ थांबल्यासारखी वाटते.

पण रंगाचा अर्थ लावण्याआधी चित्राचं काय काय झालं आहे ते तपासा. फ्रान्त्स मार्क या जर्मन चित्रकाराचं १९१३ चं 'प्राण्यांचं भागधेय' स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहराच्या कुन्स्टम्युझियममध्ये (कलासंग्रहालयात) आहे. कोसळणारं, पेटलेलं रान, त्यात मान वर फेकलेलं निळं हरीण. चित्राचा उजवीकडचा तिसरा हिस्सा तपकिरी, विझलेला दिसतो. तो पाहून 'चित्रकाराने रंगांतून मृत्यू दाखवला' असं कुणीही लिहील. प्रत्यक्षात पहिल्या महायुद्धाच्या काळात गोदामाला लागलेल्या आगीत तो भाग जळाला आणि मार्कचा मित्र पॉल क्ले याने नंतर तो दुरुस्त केला. क्लेने मुद्दाम मंद तपकिरी छटा वापरल्या, म्हणजे दुरुस्ती लपणार नाही. मार्क तोवर हयात नव्हता. १९१६ मध्ये फ्रान्समधल्या व्हर्दँच्या लढाईत तो मारला गेला होता. तर तो तपकिरी रंग बोलतो खरा, पण तो मार्कचा आवाज नाही. जुनी वॉर्निश पिवळी पडते, काही रंग काळवंडतात, चित्र कापलेलं असू शकतं. संग्रहालयाच्या माहितीपानावर याच्या नोंदी असतात. स्क्रीनवरचा रंग तर प्रत्येक फोटोत वेगळा असतो, त्यामुळे एकाच चित्राचे दोन-तीन फोटो, शक्यतो संग्रहालयाच्याच संकेतस्थळावरचे, ताडून बघा.

सहावी पायरी: कोणता क्षण?

चित्राला एकच क्षण मिळतो. म्हणून विचारा, याच्या आधी काय झालं असेल आणि लगेच नंतर काय होईल?

कावळ्यांनी खोकडाला अजून स्पर्श केलेला नाही. घाव पुढे आहे. शेंकच्या चित्रात एक मरण होऊन गेलंय आणि दुसरी गोष्ट व्हायची आहे: मेंढी किती वेळ उभी राहील? लँडसीअरच्या चित्रात सगळं कधीच संपलेलं आहे. माणसं मेली, जहाज गेलं, आता फक्त उरलंसुरलं. भीती, ताटकळ आणि ओसाडी या तीन वेगळ्या भावना आहेत आणि तिन्ही क्षणाच्या निवडीतून आल्या आहेत. 'उदास' या एका शब्दाखाली त्या गाडल्या जातात.

सातवी पायरी: आता पाटी वाचा

इथवर आलात की शीर्षक, साल, चित्रकाराचं नाव, आकार, माध्यम हे सगळं वाचा, आणि तुमच्या यादीतल्या कोणत्या गोष्टींना नवा अर्थ आला ते बघा.

'फॉक्स हंट' म्हणजे इंग्रजी जगात लाल कोट, घोडे, कुत्र्यांची टोळी. चित्रात यातलं काही नाही. शिकार आहे, पण शिकारी दुसरेच आहेत, आणि एरवी शिकार करणाऱ्या जनावराचीच शिकार होते आहे. हे शीर्षक चित्राला मदत करत नाही, त्याच्याशी भांडतं. चांगली शीर्षकं पुष्कळदा असं करतात.

लँडसीअरच्या चित्राचं नाव आहे 'मॅन प्रपोझेस, गॉड डिस्पोझेस'. माणूस बेत करतो, शेवट देव ठरवतो, असा त्याचा आशय. सालाशिवाय हे चित्र अर्धंच कळतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. १८४५ मध्ये ब्रिटिश नौदलातला सर जॉन फ्रँकलिन 'एरेबस' आणि 'टेरर' ही दोन जहाजं घेऊन कॅनडाच्या उत्तरेकडून पॅसिफिकला जाणारा सागरी मार्ग शोधायला निघाला. जहाजं बर्फात अडकली. मोहिमेवरची १२९ माणसं मेली, एकही परतला नाही. १८५४ मध्ये जॉन रे या शोधप्रवाशाने तिथल्या मूळच्या रहिवाशांकडून, म्हणजे इनुइट लोकांकडून, ऐकलेली हकिगत ब्रिटनला कळवली: शेवटी शेवटी माणसांनी मेलेल्या साथीदारांचं मांस खाल्लं. ब्रिटनमध्ये खळबळ उडाली. अनेकांनी, विशेषतः फ्रँकलिनच्या पत्नीने आणि कादंबरीकार चार्ल्स डिकन्सने, ते मानायला साफ नकार दिला आणि इनुइटांच्याच साक्षीवर संशय घेतला. १८५९ मध्ये मॅक्लिंटॉक या नौदल अधिकाऱ्याच्या शोधमोहिमेला किंग विल्यम बेटावर सांगाडे, वस्तू आणि एक चिठ्ठी सापडली. त्या चिठ्ठीनुसार फ्रँकलिन ११ जून १८४७ रोजी वारला होता. त्यानंतर पाचच वर्षांनी लँडसीअरने हे चित्र लंडनच्या रॉयल अकॅडमी या कलासंस्थेच्या प्रदर्शनात मांडलं.

आता पुन्हा त्या हाड चघळणाऱ्या अस्वलाकडे बघा. माणसांनी माणसं खाल्ली का, यावर देश दहा वर्षं वाद घालत होता. चित्रकाराने माणसाची हाडं दाखवली, ती खाल्ली जाताना दाखवली, पण खाणारी तोंडं अस्वलांची ठेवली. हे सांत्वन आहे की आरोप? माझं वाचन असं की दोन्ही. अस्वलांवर ढकलल्याने प्रश्न सुसह्य होतो, पण तो विसरू मात्र दिला जात नाही. दुसरं अस्वल फाडतंय त्या तांबड्या कापडातही ब्रिटिश निशाण बघणाऱ्यांना सहज दिसलं असेल. शीर्षकात देव आहे. चित्रात देवाची एकही खूण मला सापडत नाही. तो विरोध मुद्दाम आहे की कसं, यावर अभ्यासकांत मतं असू शकतात, पण तुमच्या टिपणात तो यायलाच हवा.

एक सावधगिरी. चित्राचं नंतरचं आयुष्य आणि चित्राचा अर्थ वेगळे ठेवा. रॉयल हॉलोवेत हे चित्र असलेल्या दालनात परीक्षा होतात आणि परीक्षेच्या दिवसांत त्यावर ब्रिटनचा झेंडा टाकून ते झाकतात, कारण त्याच्याकडे बघणारा नापास होतो अशी विद्यार्थ्यांत दंतकथा आहे. चित्राची जरब किती आहे ते यातून कळतं. लँडसीअरला काय म्हणायचं होतं, याचा हा पुरावा नव्हे.

आठवी पायरी: प्रतीकं, पण आधाराने

कावळा म्हणजे मरण, बर्फ म्हणजे एकाकीपणा, बोकड म्हणजे पाप. अशा जोड्या लावून अर्थ काढण्याचा मोह आवरा. प्रत्येक समाजात कावळ्याला वेगळा अर्थ आहे, आणि तुमच्या मनातला अर्थ चित्रकाराच्या मनात असेलच असं नाही. प्रतीक मानायचं तर चित्रात किंवा त्याच्या काळात आधार दाखवता आला पाहिजे.

असा भक्कम आधार असलेलं चित्र म्हणजे विल्यम होल्मन हंटचं 'द स्केपगोट', १८५४ ते १८५६ मधलं. मृत समुद्राच्या काठी मिठाच्या थरावर थकलेला बोकड, आसपास हाडं, मागे जांभळट डोंगर. हंट त्यासाठी खरोखर मृत समुद्राकाठी जाऊन राहिला. बोकडाच्या शिंगांना तांबडी पट्टी गुंडाळलेली आहे. नुसतं बघून ती का, हे कधीच कळणार नाही. बायबलच्या जुन्या करारातल्या 'लेवीय' या पुस्तकाच्या १६ व्या अध्यायात विधी सांगितला आहे: लोकांची पापं एका बोकडाच्या माथी ठेवून त्याला रानात हाकलायचं. पट्टी त्याच परंपरेतली. पापं माफ झाली तर ती पांढरी होते अशी समजूत होती. चित्रात ती तांबडीच आहे. हंटने चौकटीवरही बायबलमधली वचनं घातली, म्हणजे दुवा त्यानेच हातात दिला. तरी १८५६ मध्ये ते प्रदर्शित झाल्यावर पुष्कळ प्रेक्षकांना हा बोकड इथे का उभा आहे ते समजलं नाही. तेव्हा तुम्हाला पहिल्या भेटीत समजलं नाही तर मनाला लावून घेऊ नका.

या चित्राच्या दोन आवृत्त्या आहेत, ही गोष्ट फार उपयोगाची आहे. मँचेस्टरच्या कलादालनातल्या लहान आवृत्तीत बोकड काळसर आहे आणि आकाशात इंद्रधनुष्य आहे. पोर्ट सनलाइटच्या लेडी लिव्हर आर्ट गॅलरीतल्या मोठ्या चित्रात बोकड पांढुरका आहे आणि इंद्रधनुष्य नाही. इंद्रधनुष्यासह आशा होती, त्याशिवाय काय उरलं? एखाद्या चित्राची कच्ची रेखाटनं किंवा दुसरी आवृत्ती मिळत असेल तर आधी तिथे जा. चित्रकाराने काय काढून टाकलं हे कळणं म्हणजे त्याच्या विचाराशेजारी बसणंच.

नववी पायरी: दुःख कोणाचं?

मेंढीच्या चित्रासमोर लोक 'आईचं दुःख' म्हणतात. इथे दोन्हीकडे खड्डा आहे. मेंढीला सरळ माणसाची आई करून टाकलं तर मेंढी नाहीशी होते. उलट 'जनावरच ते, त्याला काय कळतंय' म्हटलं तर चित्रच नाहीसं होतं. शेंकच्या काळात हा प्रश्न ताजा होता. माणसाच्या आणि प्राण्यांच्या भावना शरीरावर कशा उमटतात यावर चार्ल्स डार्विनचं पुस्तक १८७२ मध्येच निघालं होतं. मी असा मार्ग सुचवेन: आधी मेंढी काय करते ते लिहा (उभी आहे, सोडून जात नाही, ओरडते), मग तुम्हाला काय वाटलं ते वेगळ्या वाक्यात लिहा, आणि या दोहोंना जोडणारं रंगकाम कुठे आहे ते दाखवा. मेंढी पळून न जाता कोकराजवळ उभी आहे ही वस्तुस्थिती आहे. ती आपल्याला माणसासारखी वाटते, हा परिणाम आहे. तो परिणाम चित्रकाराने कसा घडवला, हे सांगणं तुमचं काम.

दहावी पायरी: जे सुटत नाही ते तसंच ठेवा

फ्रान्सिस्को गोयाने १८१९ ते १८२३ या काळात माद्रिदजवळच्या आपल्या घराच्या भिंतींवर चौदा काळी चित्रं रंगवली. त्यांतल्या एकात पिवळट-मातकट पोकळी आहे, खाली तपकिरी उतार, आणि त्याच्या कडेवर फक्त कुत्र्याचं डोकं. बुडतंय? लपलंय? वर कुणाकडे बघतंय? गोयाने या चित्रांना नावं दिली नाहीत, कुणासाठी काढली ते सांगितलं नाही. नंतर ती भिंतीवरून काढून कॅनव्हासवर चढवली गेली आणि त्यात नुकसानही झालं. आज ती माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहेत. कुत्र्याला 'बुडणारा कुत्रा' म्हणण्याची सवय पडली आहे, पण चित्रात पाणी आहे असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. अशा वेळी दोन शक्यता लिहा, प्रत्येकीला चित्रातला आधार द्या आणि थांबा.

लिहून काढताना

दीडशे-दोनशे शब्द पुरे. प्रत्येक वाक्य लिहिल्यावर स्वतःला विचारा, 'हे चित्रात बोटाने दाखवता येईल का?' येत नसेल तर त्या वाक्याला बाहेरचा आधार हवा: साल, पत्र, विधी, दुसरी आवृत्ती. तोही नसेल तर 'मला वाटतं' असं स्पष्ट म्हणा. नमुन्यादाखल हा परिच्छेद बघा:

'मेंढी चित्राच्या मध्यावर, कोकराला बिलगून उभी आहे. तिचं तोंड उघडं आहे आणि श्वासाची वाफ थंड हवेत दिसते. कावळे अनेक आहेत, पण एकानेही हल्ला केलेला नाही. त्यांची गर्दीच पुरेशी आहे. आकाश राखाडी, एकसारखं, त्यामुळे किती वेळ गेला ते कळत नाही. बघणारा त्याच बर्फावर, घेराच्या जवळ उभा आहे. मला वाटतं, चित्र मेंढीच्या शोकापेक्षा या ताटकळीबद्दल जास्त बोलतं: तिच्यापाशी उभं राहण्याशिवाय उपाय नाही आणि कावळ्यांपाशी वेळच वेळ आहे.'

यात 'उदास' हा शब्द आलेला नाही, आणि त्याची गरजही पडली नाही.

लिहिलेलं एक दिवस तसंच ठेवून पुन्हा चित्र उघडा. यादीत नसलेली एखादी तरी गोष्ट बहुधा सापडते. मग चित्र न पाहिलेल्या कुणाला तुमचा परिच्छेद वाचून दाखवा आणि त्यावरून कागदावर ढोबळ रेखाटन करायला सांगा. जनावर कुठे, क्षितिज कुठे, बघणारा कुठे, एवढं जरी जागच्या जागी आलं तरी तुमचं वर्णन पक्कं आहे. एखादी गोष्ट भलतीकडे गेली तर परिच्छेदातलं नेमकं तेच वाक्य पुन्हा लिहा. सरावाला वरच्या सहांपैकी कोणतंही चित्र घ्या, पण सुरुवात होमरपासून करा. त्यात प्राणी थोडे आहेत, कथा बाहेरून आणावी लागत नाही आणि मोठं करून बघितलं की बर्फातले कुंचल्याचे फटकेसुद्धा वेगवेगळे दिसतात.